छपरावर चढणारा माणूस

मराठवाड्यात घरोघरी माळवद होते, तेव्हा मृगाच्या आधीचे काही दिवस छपरासाठी राखून ठेवलेले असत. गढीची पांढरी माती आणायची, उन्हाने पडलेल्या भेगा बुजवायच्या, माती पसरून चोपून घ्यायची, पन्हळाच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा काढायचा; मग पाऊस कधीही येवो, घरधनी निर्धास्त असे. या कामाचा हुकूम कोणी काढत नसे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे आणि एखाद्या वर्षी ते राहून गेलेच, तर पहिल्या झडीत घरातल्या सगळ्यांना त्याची आठवण होत असे. जुनी इमारत वयाने पडते असे आपण सहज बोलून जातो. माझी सगळी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली आणि पडलेल्या व उभ्या अशा असंख्य भिंती पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की इमारतीचे पडणे वयापासून सुरू होत नाही. पावसाळ्यापूर्वी छपरावर चढणे हे ज्याचे काम होते, तो माणूस ज्या वर्षी उरत नाही, त्या वर्षापासून ते सुरू होते.

आमच्या भागातल्या एका जुन्या छावणीत असे एक चर्च उभे आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी तिथल्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या आणि सागवानाचे दरवाजे नेले, त्यांना नेण्यासारखे अजून बरेच काही आत शिल्लक आहे, शिवाय जागेच्या मालकीचा दावाही न्यायालयात पडून आहे. त्या गावात माझे आजोळ. आमच्या घरात कोणी ख्रिस्ती नव्हते, पण रविवारच्या घंटेवर पेठेतली सगळीच माणसे वेळ ओळखत आणि ती घंटा आमची नाही असे कधी कोणाच्या मनात आलेले मी पाहिले नाही.

ही इमारत तिथे कशी आली, हे समजण्यासाठी निजामाच्या राज्यातली फौजेची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईच्या मैदानात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला आणि मराठवाड्यावर इंग्रजांची लष्करी सावली पडली ती पुढे शंभर वर्षे हलली नाही. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी राहू लागली. तिच्या खर्चाची बाकी तुंबली म्हणून १८५३च्या तहाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला होता. तो १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. जिथे छावणी, तिथे परेडचे मैदान, अधिकाऱ्यांचे बंगले, दवाखाना, कबरस्तान आणि चर्च हे ठरलेलेच होते. १९०२ मध्ये वऱ्हाडाचा कायमचा करार झाला, १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन करण्यात आली आणि या छावण्यांचा बहर ओसरला. ज्या माणसांसाठी ही चर्चे बांधली होती, ती माणसे निघून गेली. इमारती राहिल्या.

या इमारतींकडे पाहून 'साहेबांचे चर्च' असे म्हणून मोकळे होणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटते, कारण त्या वाक्यात मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा सगळा इतिहास पुसला जातो. छावणीबाहेरचे काम निराळ्याच माणसांनी उभे केले. जालन्याला नारायण शेषाद्री आले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच वर्षी मिशनऱ्यांकडे गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला जातीत परत घेण्यावरून केवढे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू कशी लावून धरली, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. त्याच नारायणरावांनी पुढे स्कॉटिश मिशनच्या वतीने जालन्यात काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. औरंगाबादला रतनजी नवरोजी या पारशी घराण्यातून आलेल्या पाळकांनी दीर्घकाळ मंडळी सांभाळली. या मंडळीत आले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले कष्टकरी. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी मिळत नव्हते, अशा माणसांनी बाकावर शेजारी शेजारी बसून मराठीत गीते म्हणायला सुरुवात केली, ही घटना लहान नाही. मी ज्या चर्चबद्दल लिहितो आहे, तिथेही लष्कर गेल्यानंतर मराठी भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली असे जुनी माणसे सांगतात, आणि त्या इमारतीच्या आयुष्याचा मोठा भाग मराठी बोलणाऱ्यांच्या हातातच गेलेला आहे.

इमारत साधी आहे. काळ्या दगडाच्या जाड भिंती, दोन्ही बाजूंना भिंतीला रेटून उभे असलेले दगडी धिरे, टोकदार कमानींच्या लांबट खिडक्या, पश्चिमेला बुटका चौकोनी मनोरा आणि वर सागवानी कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटींवर, मंगलोरी कौले. दगड इथल्याच खाणीतला आहे. घडाई पाहिली तर ती इथल्याच पाथरवटांची आहे, हे चटकन ओळखू येते. दारावरच्या कमानीच्या दोन्ही अंगांना त्यांनी जी कमळे कोरली आहेत, तशीच कमळे मी आमच्या भागातल्या बारवांच्या देवळ्यांवर पाहिली आहेत. नकाशा कोणत्या तरी लष्करी इंजिनिअरने काढला असेल, पण दगडाला हात ज्यांचे लागले त्यांनी आपल्या हाताची सवय सोडली नाही.

एक फुटके कौल उचलून मी उलटे केले, तर त्यावर बेसल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले होते. गावात अनेक जण या सालावरून चर्च १८६५चे आहे असे सांगतात. खरे तर ते साल मंगळूरला बेसल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला त्याचे आहे आणि ते पुढे वर्षानुवर्षे कौलांवर छापले जात होते. पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना इंग्रजांनी दुसऱ्या कंपनीकडे दिला, म्हणजे हे कौल त्याच्या आधीचे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आमच्या भागात आली ती १९०० च्या सुमारास. त्याआधी मंगळूरची कौले बैलगाड्यांनी इथवर आणणे फार कठीण होते, म्हणून माझा तर्क असा की भिंती जुन्या आणि छप्पर त्यामानाने नवे आहे. कोणीतरी एकदा संपूर्ण छप्पर उतरवून नवे चढवले होते. म्हणजे इमारत शंभराहून अधिक वर्षे जशीच्या तशी टिकलेली नाही; तिचा एकेक भाग बदलत, काढत, बसवत माणसांनी तिला टिकवले आहे.

आवाराच्या कडेला राहणाऱ्या एका आजींकडून मला या टिकवण्याची हकीकत कळली. त्यांचे सासरे चर्चचे शिपाई होते. घंटा वाजवणे, झाडलोट करणे, बाक पुसणे आणि उन्हाळ्यात कौले शाकारणे ही त्यांची कामे, आणि मोबदला म्हणजे मंडळीने दिलेले थोडे पैसे व कापणीच्या सणाला अर्पणात आलेल्या ज्वारीतला वाटा. आजी म्हणाल्या, "आमचे सासरे शिडी लावून वर जायचे अन् एकेक कौल बोटानं वाजवून बघायचे. खणखण वाजलं की परत बसवायचे, बद्द वाजलं की खाली द्यायचे. मी खाली उभी राहून झेलायची. नवी नवरी होते, भ्या वाटायचं, पण एक कौल फुटू दिलं नाही." सासऱ्यांनंतर त्यांच्या नवऱ्याने ते काम केले. मुलांपैकी एक पुण्याला गेला, एक छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या कारखान्यात लागला. मंडळीतली इतर घरेही शिक्षण आणि नोकरीच्या मागे अशीच पांगली, आणि भक्तीला येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी राहिली तेव्हा ती शहरातल्या दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. "आता शिडी पण राहिली नाही, सायेब," असे म्हणून आजींनी मला छपराच्या उत्तरेकडचा कोपरा हाताने दाखवला. बरोबर तोच कोपरा त्यांनी दाखवला. छपराचा उतार जिथे मनोऱ्याच्या भिंतीला मिळतो, त्या पन्हळीत सगळे पाणी एकवटते, आणि तिथेच पहिले कौल सरकले होते.

पुढचे सगळे त्या एका कोपऱ्यातून घडत गेले. सरकलेल्या कौलांतून पाणी कैचीच्या पायावर पडू लागले. कैची भिंतीवर जिथे टेकते, ते लाकडाचे टोक दगडात दडलेले असते, त्याला वारा लागत नाही, म्हणून ते भिजले की वाळत नाही. आधी ते कुजले आणि मग वाळवी लागली. पाय गेलेली कैची खाली बसते आणि बसताना भिंतीला बाहेर रेटते. आत उभे राहून पाहिले तर उत्तरेची भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकलेली दिसते आणि तिच्या जवळच्या दोन धिऱ्यांमध्ये उभी चीर गेली आहे. पन्हळीत साचलेल्या मातीत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवला. लहान असताना तो दोन बोटांनी उपटता आला असता. आता त्याचे खोड मनगटापेक्षा जाड आहे आणि मुळे चुन्याच्या सांध्यांतून ओल शोधत खाली उतरली आहेत. अधूनमधून कोणीतरी तो वरच्या वर छाटतो, त्यामुळे तो अधिक जोमाने फुटतो आणि मूळ अधिक जाड होते.

दक्षिणेच्या भिंतीची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती जास्त जिव्हारी लागते, कारण तिथे नुकसान चांगल्या हेतूने झाले. काही वर्षांपूर्वी मंडळीतल्या कोणी वर्गणी गोळा करून दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरून घेतले. बाहेरून भिंत नीटनेटकी दिसू लागली. पण आमचा काळा दगड इतका घट्ट असतो की भिंतीतली ओल त्यातून जवळजवळ बाहेर पडत नाही. ती पडते सांध्यांतल्या चुन्यातून. भट्टीत भाजलेला, विरवलेला आणि बैल जुंपून फिरवायच्या घाणीत मळलेला चुना हवेशी हळूहळू एकजीव होत घट्ट होतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. सिमेंटने ती वाट बंद केली आणि ओल आतल्या बाजूला वळली. आतल्या गिलाव्यावर हात ठेवला, तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. गिलावा जागोजागी फुगला आहे, आणि लोणा लागलेल्या त्या फुग्यांवर नखाने टिचकी मारली की ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडतो. ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडीच त्यांना मिळाला नाही, आणि ज्या जिल्ह्यात एके काळी प्रत्येक गढीच्या बांधकामाशेजारी चुन्याची घाणी फिरत होती, तिथे असा गवंडी शोधायला आज परजिल्ह्यात जावे लागते.

किल्लारीच्या भूकंपानंतर औसा आणि उमरगा भागात मी कामाला होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे जे घडले, त्याने मराठवाड्याचा दगडावरचा विश्वासच उडवला. दगडाच्या भिंतींनी माणसे मारली, असे लोक म्हणत आणि ते खोटे नव्हते. पण त्या भिंती कशा होत्या, हेही पाहायला हवे. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये माती आणि दगडगोटे भरलेले, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड कुठेच नाहीत. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. वर माळवदाचे ओझे होते. दरवर्षी नवी माती घातली जाई आणि जुनी खरवडून काढायचे राहून जाई, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या ते जाड होत गेलेले होते. म्हणजे ज्या वार्षिक निगेची मी सुरुवातीला एवढी थोरवी सांगितली, तीच निगा अर्धवट समजुतीने केली तर छप्पर माणसांच्या अंगावर येते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून या चर्चसाठी नुसते 'काहीतरी करा' असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. मनोऱ्याच्या कोपऱ्यात एका ठिकाणी बाहेरचा दगड निखळला आहे, तिथून मी भिंतीचे पोट पाहिले. तिथे चुना आहे आणि आरपार दगडही आहेत. ही भिंत अजून वाचू शकते.

मग ती वाचवायची कोणी, हा प्रश्न येतो आणि तिथे सगळे अडते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. एकीच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती, पण जुन्या मिशनांच्या आणि न्यासांच्या नावावरील जमिनी व इमारती कोणाच्या, यावरून पुढे ठिकठिकाणी वाद उभे राहिले. आपल्याकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे अशी स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ही तरतूद नसती तर छावणीतली ही मोक्याची जागा केव्हाच दुकानांच्या गाळ्यांखाली गेली असती, हे मी आवर्जून सांगतो. मात्र दाव्यात 'जैसे थे' असा आदेश झाला की दोन्ही बाजू कौलालाही हात लावायला धजत नाहीत. दावा जिंकल्यावर दुरुस्ती करू, असे दोघेही मनापासून म्हणतात. दरम्यान उत्तरेचा कोपरा दर पावसाळ्यात आणखी थोडा खाली येतो, आणि जो जिंकेल त्याच्या हाती निकालाच्या दिवशी काय उरलेले असेल, याचा हिशेब कोणत्याच कागदपत्रात नाही.

राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली एखादी वास्तू संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करता येते आणि तशी मागणी या चर्चसाठी व्हावी, असे मला वाटते. पण अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि मकबरा ज्या प्रदेशात आहेत, तिथे एका लहान दगडी चर्चचा क्रमांक लवकर लागेल अशी आशा मी धरत नाही. मला अधिक आशा वाटते ती आमच्या गावांतल्या तरुणांची. गेल्या काही वर्षांत त्यांनी बुजलेल्या बारवांतला गाळ स्वतःच्या हातांनी उपसला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले, आणि ज्या विहिरीत लोक कचरा टाकत तिथे शाळेच्या सहली येऊ लागल्या. त्यांच्यापैकी काहींना मी या चर्चबद्दल विचारले तेव्हा ते संकोचले. "ते त्यांचं आहे, आपण कसं जायचं," असे एकाने सरळ सांगितले. त्याच्या बोलण्यात दुरावा नव्हता, अदबच होती, हे मी मान्य करतो. मात्र 'त्यांच्या'पैकी गावात उरलेल्या आजींना आज शिडी धरायला माणूस नाही, आणि कमळे कोरणारे हात कोणाचे होते हे त्या दगडावर लिहिलेले आहे. मी त्याला घेऊन आजींकडे गेलो. आजींनी त्याला चहा दिला, नाताळच्या फेरीत त्याच्या आजोबांच्या घरासमोर गाणी म्हटल्याचे सांगितले, आणि घंटा कुठे आहे तेही दाखवले. तांबे आणि कथिलाची ती जड घंटा चोरीच्या भीतीने पंचांनी खाली उतरवून त्यांच्या माजघरात ठेवली आहे, धान्याच्या कणगीशेजारी, गोणपाटात गुंडाळून.

संपूर्ण जीर्णोद्धाराची भाषा मी सध्या करत नाही. त्याला पैसा लागेल, जाणकार लागतील आणि निकालही लागावा लागेल. या वर्षी करण्याजोगी कामे थोडी आणि साधी आहेत. उत्तरेच्या पन्हळीतली माती काढून त्या भागावर जाड ताडपत्री बांधायची. कुजलेल्या दोन कैच्यांखाली तात्पुरते खांब देऊन त्यांचा भार जमिनीवर घ्यायचा. पिंपळ उपटायचा नाही, कारण त्याच्याबरोबर भिंत येईल, तर बुंध्याशी कापून कापावर औषध लावून मूळ जागीच मारायचे. आणि पायाभोवती साचणारे पाणी वाहून जाईल असा चर काढायचा. यांतले काहीही मालकी बदलत नाही, इमारतीचा नकाशा बदलत नाही आणि कोणाच्या दाव्याला बाध आणत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून न्यायालयात एक अर्ज द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. अर्जाचा मसुदा आणि कामाचा अंदाज मी लिहून दोघांकडेही दिला आहे. ताडपत्रीचा खर्च त्या बारव साफ करणाऱ्या मुलांनी उचलायचे कबूल केले आहे आणि सुतारही पाहून ठेवला आहे.

एका बाजूच्या पंचांनी सही केली. दुसऱ्या बाजूचे पंच म्हणाले की आधी वकिलांना विचारतो, आणि त्यांचे तसे म्हणणे रास्तच आहे. म्हणून मी या आठवड्यात त्यांच्याबरोबर वकिलांकडे जाणार आहे. मे महिन्यात न्यायालयांना सुटी लागते. अर्ज त्याआधी दाखल झाला नाही तर तो जूनमध्ये जाईल, आणि मृग लागल्यावर त्या छपरावर मी कोणालाही चढू देणार नाही.